'व्हॉट ड्रीम्स मे कम': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या चित्रपटाचा विषय निघाला की ठरलेले काही प्रश्न येतातच. काही तो पाहण्याआधीचे, बरेचसे पाहून झाल्यावर रात्री झोप न लागलेल्यांचे. सगळे एका जागी असावेत म्हणून हे पान. पहिल्या पाच प्रश्नांत कथेतली गुपितं फोडलेली नाहीत. सहाव्यापासून पुढे मात्र चित्रपट पाहूनच वाचा.

१. हा चित्रपट नेमका कोणता, कुणाचा?

१९९८ सालचा अमेरिकन चित्रपट. लांबी दोन तासांना सात मिनिटं कमी. दिग्दर्शक व्हिन्सेंट वॉर्ड हा मूळचा न्यूझीलंडचा आणि कलाशाळेत शिकलेला. हे शिक्षण या चित्रपटाच्या फ्रेमफ्रेममध्ये दिसतं. मुख्य भूमिकांत रॉबिन विल्यम्स (क्रिस), ॲनाबेला शिओरा (ॲनी), क्यूबा गुडिंग ज्युनियर (अल्बर्ट) आणि मॅक्स फॉन सिडो (वाटाड्या, ज्याला चित्रपटात 'ट्रॅकर' म्हणतात). पटकथा रॉन बास यांची, आधार रिचर्ड मॅथेसन यांच्या १९७८ सालच्या याच नावाच्या कादंबरीचा. कादंबरीबद्दल तेरावा प्रश्न पाहा.

२. नावाचा अर्थ काय? वाक्य अर्धवट वाटतं.

अर्धवटच आहे. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'च्या तिसऱ्या अंकातल्या त्या प्रसिद्ध स्वगतातला हा तुकडा. मरण म्हणजे नुसती झोप असती तर प्रश्नच नव्हता, पण त्या झोपेत कसली स्वप्नं पडतील कोण जाणे, म्हणून माणूस थबकतो, असा त्याचा रोख. मराठी वाचकांच्या हाती हे नाटक आगरकरांनी १८८३ मध्येच 'विकारविलसित' या नावानं दिलं होतं.

नाव निवडताना केवळ गोड शब्द शोधले असं वाटत नाही. ते स्वगत म्हणणारा राजपुत्र स्वतःचं आयुष्य संपवावं का, या विचारात आहे. चित्रपटाचा उत्तरार्ध त्याच प्रश्नावर उभा आहे.

३. शेवट न सांगता गोष्ट सांगाल का?

क्रिस लहान मुलांचा डॉक्टर, ॲनी चित्रकार. दोघांची भेट एका डोंगरातल्या तळ्यावर झालेली. त्यांची दोन्ही मुलं मोटार अपघातात जातात. नवरा-बायको कसेबसे सावरतात आणि चार वर्षांनी क्रिसही जातो. एका बोगद्यात अपघात झालेल्या कुणाला तरी मदत करायला तो गाडीतून उतरलेला असतो. डोळे उघडतो तेव्हा तो ॲनीनं रंगवलेल्या चित्रात असतो. चित्रासारख्या जागेत नव्हे, चित्रातच. फूल मुठीत धरलं की बोटांमधून ओला रंग ओघळतो. इकडे मागे राहिलेल्या ॲनीचं काय होतं आणि ते कळल्यावर क्रिस काय करतो, ही पुढची गोष्ट.

४. ते रंगांचं जग संगणकावर बनवलेलं आहे की खरी जागा आहे?

दोन्ही. हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि उत्तर लांबलं तरी चालेल इतकं ते मजेदार आहे.

पायाला खरा निसर्ग आहे. क्रिसच्या स्वर्गाचं बरंच चित्रीकरण अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये झालं. छायाचित्रणकार एदुआर्दो सेरा. फिल्म वापरली फुजीची वेल्विया. ही स्लाइडची फिल्म, निसर्गाची छायाचित्रं काढणाऱ्यांची लाडकी, कारण हिरवा आणि लाल तिच्यावर डोळ्यांना दिसतो त्याहून गडद उतरतो. सिनेमावाले सहसा तिच्या वाटेला जात नाहीत, कारण प्रकाशाचा अंदाज जरा चुकला तरी ती माफ करत नाही. म्हणजे संगणकाचा हात लागण्याआधीच रंग भडक होते.

खरी युक्ती त्यानंतरची. चालत्या चित्राची प्रत्येक फ्रेम वेगळी रंगवली, तर कुंचल्याचे फटकारे दर क्षणाला जागा बदलतात आणि पडदा उकळत्या दुधासारखा खदखदायला लागतो. ते टाळायचं तर फटकारा ज्या फुलाचा आहे त्या फुलाबरोबरच हलला पाहिजे. त्यासाठी डोंगर-झाडांचं लेझरनं मोजमाप घेतलं गेलं, आणि एका फ्रेममधला प्रत्येक ठिपका पुढच्या फ्रेममध्ये कुठे सरकला याचा हिशेब संगणकाकडून करून घेतला. या हिशेबाला 'ऑप्टिकल फ्लो' म्हणतात. मग फटकारे त्या सरकणाऱ्या ठिपक्यांना चिकटवले. कॅमेरा फिरतो, माणूस धावतो, वारा सुटतो आणि रंग मात्र आपापल्या पानाफुलाला धरून राहतो.

हे १९९८ सालचं काम आहे हे लक्षात ठेवून पाहा. आज कुठलंही छायाचित्र चुटकीसरशी 'पेंटिंग' करून देणारी ॲप्स फोनमध्ये आहेत, म्हणून अनेक तरुण प्रेक्षक विचारतात, 'यात एवढं काय?' त्यांनी क्रिस रंगात पाय घसरून पडतो तो प्रसंग पाहावा. त्या रंगाला वजन आहे.

५. ते जांभळं झाड?

ते जॅकरँडाचं झाड. क्रिस गेल्यावर ॲनी कॅनव्हासवर ते रंगवते आणि त्याच वेळी पलीकडे, त्याच्या जगात, ते उगवतं. दोन जगांमध्ये एवढाच एक धागा उरलेला असतो. पुढे ती निराशेत ते चित्र पुसून टाकते, तेव्हा पलीकडे पानंफुलं झडून जातात.

पडद्यावरचं झाड संगणकात अक्षरशः 'वाढवलेलं' आहे: फांदी कुठे फुटेल, किती वळेल याचे नियम द्यायचे आणि झाड आपोआप होऊ द्यायचं. ही पद्धत अरिस्टिड लिंडेनमायर या जीवशास्त्रज्ञानं १९६८ साली वनस्पतींच्या वाढीचा अभ्यास करताना मांडली होती.

माझ्या मते सगळ्या चित्रपटाची किल्ली या झाडात आहे. क्रिसचा स्वर्ग त्याचा स्वतःचा नाही, तो बायकोच्या हातचा आहे. ती रंगवायची थांबली की तो बघता बघता उजाड होणार. त्यामुळे इथे रंग ही कथाच आहे. 'दृश्यं छान, पण गोष्ट पातळ' असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते इथेच.

६. (इथून पुढे गुपितं फुटतात.) अल्बर्ट नक्की कोण? लिओना कोण? आणि तो म्हातारा वाटाड्या?

हे तिघंही एकाच वेळी डोक्यात बसत नाहीत, हे खरं आहे. क्रिसला स्वर्गात भेटणारा 'अल्बर्ट' हा त्याचा मुलगा इयन. तिथेच भेटणारी लिओना ही क्रिसची मुलगी मेरी. आणि खरा अल्बर्ट, म्हणजे तरुण क्रिस ज्याच्या हाताखाली शिकला तो डॉक्टर, तो म्हणजे वाटाड्या.

मुलांनी वेश का बदलला? बापलेकाच्या नात्यात आड येणारे सगळे अधिकार, राग, अपेक्षा बाजूला ठेवून नव्यानं भेटता यावं म्हणून. इयननं अल्बर्टचं रूप घेतलं, कारण वडील मनापासून ऐकायचे ते त्याच एका माणसाचं. हे मला पटतं, आणि दर वेळी रडवतं. मेरीचं कारण वेगळं: विमानप्रवासात वडिलांनी एका आशियाई हवाई सुंदरीचं कौतुक केलं, ते ऐकून तिला तसं व्हावंसं वाटलं. हेतू लहान मुलीच्या मनाचा असला तरी हा तुकडा आज खटकतो. आशियाई बाईचं रूप तिथे एखाद्या पोशाखासारखं वापरलंय.

७. स्वर्ग प्रत्येकाचा वेगळा, मग देव कुठे आहे?

क्रिसही हेच विचारतो. उत्तर मिळतं ते साधारण असं: तो वर कुठेतरी आहे, माझं तुमच्यावर प्रेम आहे असं ओरडून सांगतोय, आणि आपल्याला ऐकू का जात नाही याचं त्याला नवल वाटतंय. एवढ्यावर विषय संपतो. कुठल्याही एका धर्माचा परलोक दाखवायचा नाही, हे ठरवूनच केलेलं दिसतं. स्वर्ग आहे, नरक आहे, पुनर्जन्मही आहे. न्यायनिवाडा करणारं कुणी नाही.

८. मग नरकात पाठवतं कोण?

कुणीच नाही. या चित्रपटातला नरक म्हणजे स्वतःच्या दुःखात इतकं अडकणं की आपण मेलोय हेही उमगू नये. त्याची दृश्यं पाहा: वादळी समुद्रात हात वर करणारी माणसं, मोडक्या जहाजांचा खच, जमिनीतून वर आलेल्या चेहऱ्यांचं मैदान, उलटं टांगल्यासारखं कॅथीड्रल. यातला काही भाग 'ओरिस्कानी' या अमेरिकी नौदलाच्या निकामी विमानवाहू जहाजावर चित्रित झाला. (२००६ मध्ये ते जहाज फ्लोरिडाजवळ समुद्रात बुडवून त्याचं कृत्रिम प्रवाळखडकात रूपांतर करण्यात आलं. नरकाचा शेवट माशांचं घर होण्यात झाला!) चेहऱ्यांच्या मैदानातला एक चेहरा दिग्दर्शक वर्नर हर्झोगचा आहे. तो ओळखला का, असंही पुष्कळ जण विचारतात. पहिल्या वेळी मीही ओळखला नव्हता.

पण या सगळ्या भव्यतेनंतर, क्रिस गेल्यावर स्वतःचं आयुष्य संपवलेली ॲनी त्याला सापडते ती तिच्याच घरात. पडकं, अंधारं, धुळीनं भरलेलं तेच घर. ज्वाळा नाहीत, राक्षस नाहीत. आणि रंग तर मुळीच नाहीत. जिनं स्वर्ग रंगवला तिच्याभोवती सगळं राखाडी, हे चित्रपटातलं सर्वांत भीतिदायक दृश्य.

९. आत्महत्या करणारा नरकात जातो, असं हा चित्रपट सांगतो का? घरात असं कुणी गमावलेल्या माणसानं तो पाहावा का?

हा प्रश्न येतो तेव्हा मी घाईनं उत्तर देत नाही.

चित्रपटातले लोक सांगतात की आपलं आयुष्य संपवणारे वेगळ्या ठिकाणी जातात, ते पापामुळे नव्हे. ज्या निराशेत ते गेले तीच त्यांना घेरून राहते. आठव्या प्रश्नात सांगितलं तसं, शिक्षा देणारं कुणी नाही. तरीही परिणाम तोच होतो: ॲनी नरकात. वॉर्ड आणि बास यांना करुणा दाखवायची होती याबद्दल मला शंका नाही, पण ज्याच्या घरात हे घडलंय त्याला त्या प्रसंगात करुणेच्या आधी नरक ऐकू येतो. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार असतात, हे चित्रपट जवळजवळ बोलतच नाही. ॲनी एकदा रुग्णालयात राहून आलेली असते, पण तो धागा त्या दोघांच्या नात्यासाठी वापरला जातो, तिच्या आजारासाठी नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: दुःख ताजं असेल तर आत्ता पाहू नका. पुढे कधी पाहावासा वाटला तर एकट्यानं नको, सोबत कुणीतरी असू द्या. ही एका कादंबरीकाराची कल्पना आहे, तुमच्या माणसाचं आता काय झालं याची बातमी नव्हे. आणि हे वाचणाऱ्या कुणाच्या मनात स्वतःबद्दलच तसे विचार येत असतील, तर चित्रपट राहू दे. जवळच्या माणसाला किंवा डॉक्टरला आजच सांगा.

१०. रॉबिन विल्यम्स यांच्या मृत्यूनंतर हा चित्रपट बघवत नाही. तुम्हाला?

जड जातो. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांनी आपलं आयुष्य संपवलं, आणि तेव्हापासून पडद्यावर ते ॲनीला शोधत फिरतात तेव्हा आपलं लक्ष दोन ठिकाणी असतं. मात्र एक गोष्ट सांगायला हवी. मृत्यूनंतरच्या तपासणीत त्यांना 'ल्युई बॉडी डिमेन्शिया' हा मेंदूचा आजार असल्याचं निष्पन्न झालं. सोळा वर्षं आधीच्या भूमिकेत त्याची चाहूल शोधणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. ही भूमिका भूमिका म्हणून पाहा. विनोदाची सगळी हत्यारं म्यान करून हा माणूस किती हळू बोलू शकत होता, ते दिसेल.

११. शेवटी ॲनी सुटते कशी? मला नीट कळलंच नाही.

वाटाड्या क्रिसला बजावतो की तिच्यापाशी काही मिनिटांहून जास्त थांबलास तर तुझंही भान जाईल. ॲनी त्याला ओळखत नाही. तो आठवणी सांगतो, समजावतो, काही उपयोग होत नाही. मुलं गेल्यावर आपण धीराचा मुखवटा चढवून हिला दुःखात एकटी सोडलं, हे त्याला तिथे उमजतं. मग तो तिला बाहेर काढायचा नाद सोडतो आणि म्हणतो, मी इथेच राहतो. त्याचं भान सुटायला लागतं, आणि तेव्हा तिला तो आठवतो.

तर्क लावायचा तर असा: ती अडकली होती एकटेपणात. सुटकेच्या आशेनं आलेला माणूस तिला परकाच वाटणार, तो बाहेरचा आहे ना. जो आत येऊन बसला तो ओळखीचा निघाला. माफी मागण्याचा तो प्रसंग विल्यम्स यांनी अगदी साधा ठेवलाय. त्यानंतर दोघं एकदम स्वर्गात पोहोचतात ती उडी मात्र फार सोपी आहे. नरकात जायला अर्धा चित्रपट लागतो, यायला एक कट.

१२. याचे दोन शेवट आहेत म्हणे?

हो. चित्रपटगृहात दाखवलेल्या शेवटात क्रिस आणि ॲनी स्वखुशीनं पुन्हा जन्म घ्यायचं ठरवतात आणि दोन लहान मुलं पाण्याच्या काठी भेटतात. डीव्हीडीवर असलेल्या दुसऱ्या शेवटात पुनर्जन्म ही निवड नाही, क्रम आहे. ॲनीला आधीच्या कृतीची भरपाई करायची असते: पुढच्या जन्मी ती लवकर जाणार आणि क्रिस उरलेलं आयुष्य तिच्याविना काढणार. तिथे एक मुलगी श्रीलंकेत जन्मते, एक मुलगा फिलाडेल्फियात.

दुसरा शेवट कादंबरीच्या अधिक जवळचा आणि कथेच्या दृष्टीनं जास्त घट्ट आहे. पण नवव्या प्रश्नातली अडचण त्यात आणखी वाढते, कारण आता खरोखरच शिक्षा येते. मला पहिला शेवट गुळचट वाटतो आणि तरी तोच बरा वाटतो.

१३. कादंबरी आधी वाचावी की चित्रपट आधी पाहावा?

चित्रपट आधी. कादंबरीत पुष्कळ वेगळं आहे: तिथला क्रिस पटकथालेखक आहे, मुलं मोठी आहेत आणि जिवंत आहेत, आणि चित्राच्या आत जागं होणं तिथे नाही. मॅथेसन हे भयकथांसाठी जास्त प्रसिद्ध, पण या पुस्तकात ते मृत्यूनंतरच्या जीवनाविषयी फार गंभीर होते, इतके की कादंबरीच्या शेवटी वाचलेल्या पुस्तकांची यादी दिली आहे. नाट्य हवं असेल तर चित्रपट, परलोकाचा 'नकाशा' हवा असेल तर पुस्तक.

१४. ही आपली सावित्रीचीच गोष्ट नाही का, फक्त उलटी?

वरवर तशी दिसते. पण सावित्री यमाशी बोलण्यात जिंकते, आणि क्रिसचं बोलणं तर हरतं. पाश्चात्त्य समीक्षक ऑर्फियसचं नाव घेतात: तो ग्रीक गायक बायकोला पाताळातून आणताना मागे वळून पाहतो आणि तिला कायमची गमावतो. मला विचाराल तर सर्वांत जवळची कथा महाभारताच्या आदिपर्वातल्या रुरूची. सर्पदंशानं गेलेल्या प्रमद्वरेला तो आपलं अर्धं आयुष्य देऊन परत आणतो. क्रिस अर्ध्यावर थांबत नाही, एवढाच फरक.

१५. संगीत एन्नियो मॉरिकोने यांचं आहे ना?

नाही. त्यांनी संगीत केलं होतं, पण ते वापरलं गेलं नाही. पडद्यावर ऐकू येतं ते मायकेल केमन यांचं, आणि त्यांना त्यासाठी अगदी थोडा वेळ मिळाला होता.

१६. ऑस्कर मिळालं, तरी चित्रपट पडला कसा?

खर्च आठ कोटी डॉलरहून जास्त, आणि अमेरिकेतली कमाई साडेपाच कोटींच्या आसपास. दोन मुलांचे मृत्यू, मग नायकाचा, मग नायिकेची आत्महत्या, आणि जाहिरातीत फुलांची बाग. विल्यम्स यांचं नाव पाहून हलकंफुलकं काही बघायला आलेल्यांची काय अवस्था झाली असेल!

१९९९ च्या सोहळ्यात दृश्यपरिणामांचं ऑस्कर 'आर्मागेडन' आणि 'मायटी जो यंग' यांना मागे टाकून याला मिळालं. कलादिग्दर्शनाचं नामांकन होतं, पण ते पारितोषिक गेलं 'शेक्सपिअर इन लव्ह'ला. शेक्सपिअरकडून नाव उसनं घेणाऱ्याला शेक्सपिअरच आडवा आला.

१७. मुलांना दाखवता येईल का?

अमेरिकेत याला 'पीजी-१३' प्रमाणपत्र होतं. म्हणजे तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांनी जपून ठरवावं. माझा अनुभव असा की मुलं नरकाच्या दृश्यांना फारशी घाबरत नाहीत. 'आई-बाबा गेले तर?' या प्रश्नानं घाबरतात. स्वर्गाचा पहिला अर्धा तास दाखवून थांबायचा बेत असेल तर तो सोडा, मुलं थांबू देत नाहीत.

१८. मोबाइलवर पाहिला, एवढा काही भावला नाही.

मोठ्या पडद्यावर, अंधाऱ्या खोलीत परत पाहा. चौथ्या प्रश्नातले फटकारे तळहाताएवढ्या पडद्यावर दिसतच नाहीत, नुसतं गढूळ चित्र दिसतं. तरीही भावला नाही तर दोष तुमचा नाही. यातली पात्रं फार समजावत बसतात. डोळ्यांना आधीच कळलेलं वाक्यात पुन्हा ऐकावं लागतं, विशेषतः अल्बर्टकडून. एकदा आवाज बंद करून स्वर्गाचा भाग पाहा; मी पाहिला आहे, काहीही अडत नाही.

१९. कुत्री कुणाची? आणि ती आधी कशी पोहोचली?

ती केटी, या कुटुंबाची डाल्मेशियन. क्रिसच्या आधी गेलेली, म्हणून आधी पोहोचलेली. त्या सगळ्या चित्रात ओळखीचा पहिला जीव तोच, आणि तिला पाहून क्रिसला वाटतं, आपण चुकून कुत्र्यांच्या स्वर्गात तर नाही ना आलो! मुलांसारखा वेश तिनं बदलला आहे का, असंही एकानं विचारलं होतं. नाही. केटी शेवटपर्यंत केटीच आहे.